आठ अंश, तीन दिवस

केळीच्या बागेला थंडी बाधली, असं सरकारदरबारी कधी धरतात? किमान तापमान 8 अंशांवर किंवा त्याखाली उतरलं आणि सलग 3 दिवस तसंच राहिलं, तर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत हा निकष छापलेला असतो. दोन रात्री पारा सातवर गेला आणि तिसऱ्या पहाटे साडेआठवर थांबला, तर भरपाई नाही. बागेत मात्र नव्या पानाचा पोगा आखडलेला असतो, पानं पिवळी पडू लागतात, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं लांबतं आणि घड पोग्यातच अडकतो. केळीचं झाड तिसऱ्या रात्रीची वाट पाहत नाही.

उन्हाळ्याचंही तसंच. एप्रिलमध्ये 42 अंश, सलग 5 दिवस. मे महिन्यात 45 अंश, सलग 5 दिवस. वारा असेल तर ताशी 40 किलोमीटर.

आमचं जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव तापीच्या दक्षिणेला. नदी ओलांडली की चोपडा, पुढे यावल, रावेर, सगळा केळीचा पट्टा. नदीच्या अलीकडे आम्ही कपाशीवाले. केळी आहे ती तापी-गिरणेच्या आधाराने. हवामान बदलाच्या परिषदा दुबईत होतात, बाकूत होतात, आणि देशोदेशीची सरकारं तिथे उद्दिष्टं जाहीर करतात. भारताने 2021 साली ग्लासगोत शब्द दिला की 2070 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू, आणि 2030 पर्यंत कोळसा-तेलाशिवायची 500 गिगावॉट वीजक्षमता उभी करू. हे शब्द मोठे आहेत, ते पाळले गेलेच पाहिजेत. पण शेतकऱ्याच्या घरातला हिशेब ज्या आकड्यावर फिरतो तो हा: आठ अंश, तीन दिवस. देशाचं हवामान धोरण तपासायचं तर अशाच तळच्या आकड्यांपाशी तपासलं पाहिजे. आज तेच करतो.

*

आधी सरकारच्या बाजूचं सांगतो, कारण ते खरं आहे आणि आमच्या कट्ट्यावर ते फारसं कुणी बोलत नाही.

बाजाराचं बाजार बघून घेईल, सरकारने मध्ये पडू नये, असं म्हणणाऱ्यांनी सौर विजेचा इतिहास वाचावा. 2000 साली जर्मनीने कायदा केला. तुम्ही सूर्यापासून वीज करा, ती ठरलेल्या दराने 20 वर्षं घेतली जाईल. त्या हमीवर कारखाने उभे राहिले, पुढे चीनने ते अफाट प्रमाणात उभारले आणि पॅनेलचे भाव कोसळले. आपल्याकडे 30 जून 2008 रोजी हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. त्यात आठ अभियानं होती. त्यातलं सौर अभियान जानेवारी 2010 मध्ये सुरू झालं. 2010-11 साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर धरला होता युनिटला 17 रुपये 91 पैसे. मे 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला सौर पार्कच्या लिलावात बोली आली 2 रुपये 44 पैशांची. सात वर्षांत सतरा रुपयांवरून अडीच रुपयांच्या आत.

हे काम जिल्हा परिषदेच्या आवाक्यातलं नव्हतं, एकट्या कंपनीच्याही नव्हतं. कर कमी-जास्त करणं, खरेदीची हमी देणं, कायदा करणं, परदेशी कर्जाला जामीन राहणं ही ताकद देशाच्या सरकारकडेच असते. आपल्या खानदेशातच बघा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला. ज्या जर्मनीच्या कायद्याने सौर पॅनेल स्वस्त होण्याची सुरुवात झाली, त्याच जर्मनीच्या सरकारी विकास बँकेचं, केएफडब्ल्यूचं, कर्ज या प्रकल्पाला मिळालं. एका देशाने केलेला कायदा दुसऱ्या देशातल्या माळरानापर्यंत असा पोचतो.

म्हणून मी सरकारकडून कमी मागत नाही. जास्त मागतो.

*

त्याच साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. तिथला वारा चांगला आहे हे खरं. पण वाऱ्याइतकंच आयकराचं एक कलम त्या पठारावर काम करत होतं. पवनचक्की विकत घेतली की तिच्या किमतीच्या 80 टक्के घसारा पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येत असे. ज्याला नफ्यावरचा कर वाचवायचा, त्याने चक्की उभी करावी. ती किती युनिट वीज देते हा प्रश्न मागे राहिला. पुढे 2009 मध्ये सरकारने दुसरी वाट काढली. चक्कीने दिलेल्या दर युनिटमागे 50 पैसे प्रोत्साहन. ही वाट सरळ होती, विजेला पैसे देणारी होती.

एप्रिल 2012 मध्ये घसाऱ्याची जादा सवलत बंद झाली आणि त्याच सुमारास हे 50 पैसेही थांबले. देशभरात 2011-12 साली सुमारे 3,200 मेगावॉटच्या नव्या पवनचक्क्या लागल्या होत्या. पुढच्या वर्षी लागल्या 1,700 मेगावॉटच्या आसपास. 2014 मध्ये सवलत परत आली, 2017 पासून ती 40 टक्क्यांवर उतरली. वारा तोच होता, डोंगर तेच होते. दिल्लीने एक आकडा काढला, घातला, पुन्हा कमी केला आणि त्याबरोबर सगळा धंदा वर-खाली झाला. राष्ट्रीय सरकारचा हात किती लांब पोचतो ते यातून कळतं, आणि तो हात अधूनमधून काढून घेतला तर काय होतं तेही कळतं. त्यात पठारावर वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचे दावे होते आणि पवनचक्क्यांना वनजमीनच दिली गेली होती. तो झगडा वर्षानुवर्षं चालला. घसाऱ्याचा टक्का ठरवताना त्या कसणाऱ्यांचा विचार कुठल्या फायलीत झाला असेल, असं मला वाटत नाही.

आणि विखरण. शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, ज्या कारणाने माहीत व्हायला नको होतं त्या कारणाने. वीज प्रकल्पासाठी तिथल्या जमिनी घेतल्या गेल्या. आधी बेत औष्णिक विजेचा होता, पुढे सौर विजेचा झाला. तिथल्या धर्मा पाटील या शेतकऱ्याची पाच एकर जमीन गेली, मोबदला ठरला सुमारे चार लाख रुपये. शेजारच्यांना कितीतरी पट जास्त मिळाले, असं ते सांगत राहिले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. 22 जानेवारी 2018 रोजी ऐंशी पार केलेल्या त्या माणसाने मंत्रालयात विष घेतलं. 28 जानेवारीला ते गेले. त्यानंतर फेरमूल्यांकनाची चक्रं हलली आणि वाढीव रकमा निघाल्या. म्हणजे जमिनीचं मोल आधीही काढता आलं असतं.

कोळशाच्या जागी सूर्य आला हे चांगलंच झालं. पण जमीन घेण्याची पद्धत जुनीच राहिली, तर सौर पार्कच्या वाट्यालाही औष्णिक प्रकल्पाइतकाच रोष येईल, आणि तो रास्तच असेल. नवं धोरण काढणाऱ्यांनी पॅनेलबरोबर पंचनामा, मोजणी आणि मोबदला यांतही काही नवं काढायला हवं होतं.

*

दिल्लीला सगळं सुचतं असं नाही. सुचायची गरजही नाही.

रोजगार हमी घ्या. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने ती मोठ्या प्रमाणात चालवली, वि. स. पागे यांनी ती विधान परिषदेत लावून धरली होती, 1977 मध्ये राज्याचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये देशाचा. उन्हापासून जीव वाचवायचा शहराचा आराखडा आधी अहमदाबादने केला, 2013 साली. त्याला मे 2010 ची लाट कारण झाली, त्या एका महिन्यात तिथे नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं मेली होती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या नंतर, 2016 मध्ये.

आमच्या जिव्हाळ्याचा तिसरा दाखला दिवसाच्या विजेचा. कपाशीला पाणी द्यायचं तर थ्री फेज हवी, आणि एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, अशी ती यायची. रात्री दोनला वीज आली की बॅटरी घेऊन बांधावरून चालत जायचं. पायाखाली साप, तापीकाठच्या केळीत बिबट्या. घरातली बाई जागी, फोन हातात. हे वर्षानुवर्षं चाललं. 2017 मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. शेतीचा फीडर वेगळा करायचा, उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतकऱ्याला वीज दिवसा द्यायची. सूर्य दिवसा असतो, पाणीही दिवसा द्यावं, इतकी ती साधी कल्पना. केंद्राची कुसुम योजना 2019 ची. फीडरच सौर करण्याची सोय त्यात डिसेंबर 2020 मध्ये आली. राज्याने वाट करून दाखवली, केंद्राने तिला पैसे आणि नियम दिले. असंच व्हायला हवं. हे जमलेलं काम आहे आणि ते जमलं असं मोकळेपणाने म्हणायला हवं.

मात्र सौर पंपाचं एक बोलून ठेवतो. कुसुममध्ये स्वतंत्र सौर पंपाला मोठं अनुदान आहे, आणि महाराष्ट्रात 2024 पासून मागेल त्याला सौर कृषी पंप आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीचे 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला 5 टक्के. पंप बसला की बिल नाही. बिल नाही म्हटल्यावर सकाळी सुरू केलेला पंप सूर्य मावळेपर्यंत चालतो. यावल-रावेरचं भूजल कित्येक वर्षांपासून अतिउपशाच्या यादीत आहे. पंप देणारं खातं वेगळं, भूजल मोजणारं वेगळं, ठिबकचं अनुदान देणारं तिसरं. मागेल त्याला पंप द्या, पण त्या पंपाखाली ठिबकच्या नळ्या आहेत की पाटाने मोकाट पाणी सोडलं आहे, हे बघितल्याशिवाय देऊ नका. जळगाव जिल्ह्याने देशाला ठिबक शिकवलं. एवढी अट इथल्या शेतकऱ्याला जड नाही. जड जातं ते ठिबकचं अनुदान खात्यात येईपर्यंत थांबणं.

*

आता ज्या आकड्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, तिकडे वळतो.

पीक विम्यात शेतकऱ्याने फळपिकांसाठी आणि कापसासारख्या नगदी पिकांसाठी विमा रकमेच्या 5 टक्के भरायचे आणि उरलेला हप्ता केंद्र व राज्याने निम्मा-निम्मा उचलायचा, असं 2016 मध्ये ठरलं. चांगलं ठरलं. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यात एक ओळ घातली. निम्म्याहून जास्त क्षेत्र ओलिताखाली असलेल्या जिल्ह्यांत 25 टक्के आणि बाकीच्या ठिकाणी 30 टक्के हप्त्यापर्यंतच केंद्र आपला वाटा देईल. त्याच्या वर हप्ता गेला तर केंद्राचा संबंध नाही.

हिशेब मांडून बघा. समजा केळीची विमा रक्कम 1 लाख आणि विमा कंपनीने हप्त्याचा दर लावला 40 टक्के. म्हणजे हप्ता 40 हजार. 30 टक्क्यांपर्यंतच्या 30 हजारांत शेतकऱ्याचे 5 हजार, उरलेल्या 25 हजारांत केंद्र साडेबारा आणि राज्य साडेबारा. वरचे 10 हजार? ते राज्य आणि शेतकरी यांनी आपसांत बघायचे.

विमा कंपनी हप्ता वाढवते कधी? जोखीम वाढली की. केळीची जोखीम का वाढते? थंडी जास्त बोचरी झाली, मेचा पारा चढला, एप्रिलमध्ये वादळ येऊ लागलं, म्हणून. म्हणजे हवामान जितकं बिघडेल तितका वाढीव बोजा खाली येणार, आणि केंद्राचा वाटा एका रेषेवर थांबलेला राहणार. ज्या सरकारकडे सगळ्यात जास्त कर जमा होतो, जे जगात देशाच्या वतीने हवामानावर बोलतं, त्याने जोखमीच्या वरच्या टोकाला नेमकं अंग काढून घेतलं. विम्याचा अर्थच असा की संकट मोठं झालं की मोठ्या खांद्याने ते पेलायचं. इथे उलटं झालं.

निकषांचंही एक सांगायला हवं. 2020 मध्ये राज्याने केळीचे निकष बदलले, ते शेतकऱ्याला जाचक होते. रावेर-यावलपासून ओरड झाली, सगळ्या पक्षांचे पुढारी बोलले, आणि पुढे ते निकष मागे घ्यावे लागले. बोललं तर आकडा हलतो, हे आपल्या जिल्ह्याने स्वतः पाहिलेलं आहे.

कापसाचं काय झालं? 2023 पासून महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा होता. त्यात बोगस अर्ज सापडले, हे खरं. सरकारने 2025 मध्ये एक रुपया बंद केला, तेही एक वेळ समजून घेऊ. पण त्याच झटक्यात स्थानिक आपत्ती, पेरणीच न होणं, हंगामाच्या मध्यात आलेलं संकट आणि काढणीनंतरचं नुकसान, हे चारही आधार काढून टाकले. उरलं फक्त पीक कापणी प्रयोगाचं सरासरी उत्पन्न. वेचणीला आलेली बोंडं एका गावच्या पावसाने काळी पडली आणि शेजारच्या चार गावांत पाऊस नव्हता, तर महसूल मंडळाच्या सरासरीत ते गाव दिसणार कसं? खानदेशात आता पाऊस पडतोच असा. सोनवदला धो धो, पाळधीला रस्ता कोरडा. बदललेल्या हवामानाची खूणच ही, आणि विम्यातून नेमकी तीच खूण पुसली गेली. बोगस अर्ज करणाऱ्यांना पकडायला यंत्रणा लावा. खऱ्या शेतकऱ्याचं संरक्षण काढून बोगसगिरी संपत नाही.

केंद्राने 2015 मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी काढला होता. 350 कोटींनी सुरुवात, नाबार्डकडे काम. बदलत्या हवामानात तगून राहण्यासाठी राज्यांनी नवे प्रयोग करावेत, हा हेतू. देशभरात तीसेक प्रकल्प झाले, आणि नोव्हेंबर 2022 पासून त्याचा योजनेचा दर्जाच गेला. इतक्या मोठ्या देशात तीसेक प्रकल्प! त्याच्या तुलनेत जागतिक बँकेच्या कर्जावर राज्याने 2018 पासून चालवलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जास्त गावांपर्यंत पोचला. विदर्भ-मराठवाड्याबरोबर त्यात जळगाव जिल्हाही होता. गावच्या पाण्याचा ताळेबंद गावातच मांडायचा, आणि अनुदान थेट खात्यात. ताळेबंद मांडताना गावकरी पहिल्यांदाच विचारतात की पाऊस एवढा पडतो तर जातो कुठे. असं काम देशाच्या सरकारने स्वतःच्या पैशाने करायला हवं. कर्जाची मुदत संपली की थांबायचं काम हे नव्हे.

*

ऊन.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात उष्णतेची लाट धरायची तर पारा 40 किंवा त्याहून वर हवा आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवा. किंवा मग सरळ 45 गाठलेला हवा. मे महिन्यात जळगावकडचं सरासरी कमाल तापमानच 42 च्या आसपास असतं. त्यावर साडेचार म्हणजे साडेसेहेचाळीस. तेव्हा आमच्यासाठी व्यवहारात उरतो तो 45 चा आकडा. 44 अंशांचे आठ दिवस ओळीने गेले तरी ती आमच्याकडे लाट ठरत नाही, आमचा तो नेहमीचा मे महिना. शरीर सरासरीशी तुलना करून तापत नाही. 44 म्हणजे 44, मुंबईतही आणि धरणगावातही.

पुढचं तर याहून कठीण आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ज्या आपत्तींना पैसे मिळतात त्यांची केंद्राने ठरवलेली यादी आहे. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, आणि थंडीची लाट. बारा झाल्या. थंडीची लाट आहे. उष्णतेची नाही. पंधराव्या वित्त आयोगापुढे राज्यांनी ती घालायची मागणी केली होती, आयोगाने मानली नाही, आणि 2021 पासूनच्या पाच वर्षांचं वाटप ती बाहेर ठेवूनच ठरलं. राज्यांना सांगितलं गेलं की स्थानिक आपत्ती म्हणून निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत खर्च करा. मे 2024 मध्ये अकोल्यात उन्हामुळे कलम 144 लावावं लागलं. जमावबंदी लावण्याइतकं जे ऊन आहे, ते राष्ट्रीय आपत्तीच्या यादीत बसू नये?

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्याकडे बागायती कपाशीची लगबग असते. ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, ओल दिसते तिथे बाया सरकी लावत जातात. पहाटे साडेपाचला रिक्षात बसून येतात, डोक्यावर पदर, त्यावर रुमाल, अंगात नवऱ्याचा किंवा पोराचा फुल बाह्यांचा शर्ट. अकरा वाजता जमिनीची वाफ तोंडावर यायला लागते. बांधावरच्या निंबाखाली एकीला विचारलं, ताई, इतक्या उन्हात कशाला थांबता, सकाळचंच काम करून निघत जा ना. ती म्हणाली, “पोटले ऊन कयस का भाऊ?” अकराला निघाली तर मजुरी अर्धी मिळते. दोनपर्यंत थांबली तर पूर्ण. त्या दोघांतला फरक म्हणजे घरातलं तेल-मीठ. उष्माघाताच्या सूचनापत्रकात लिहिलेलं असतं की 12 ते 3 बाहेर पडू नका. हे पत्रक तिच्या हातात देणाऱ्याने तिच्या बुडालेल्या अर्ध्या मजुरीचंही काही लिहिलं असतं, तर ते धोरण झालं असतं.

असं करता येतं. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी उन्हाचा विमा चालवला. तापमान ठरलेल्या रेषेवर गेलं की बुडालेल्या मजुरीपोटी खात्यात रक्कम. 2024 च्या उन्हाळ्यात हजारो बायकांना ती मिळाली. रक्कम लहान होती, काहींना चारशे रुपये. पण पंचनामा नाही, तलाठ्याकडे खेप नाही, पारा चढला की पैसे. रोजगार हमीच्या कामांवर आंध्र आणि तेलंगणाने उन्हाळ्यात कमी कामाला पूर्ण मजुरी धरायची रीत पाडली. कल्पना देशात आहेत, अनुभव आहे, आकडे आहेत. राष्ट्रीय सरकारने त्या उचलायच्या, मागे पैसा उभा करायचा, आणि शेतमजूर बाईला त्यात पहिलं नाव द्यायचं. रोजगार हमीला जे केलं ते उन्हाच्या मजुरीला करा.

*

शेवटी ज्या यंत्रावर हे सगळे निकष टांगलेले आहेत, त्याच्याकडे एकदा जाऊन या. महसूल मंडळात कुठेतरी तारेच्या कुंपणात एक खांब असतो. वर वारा मोजणाऱ्या वाट्या फिरतात, खाली पर्जन्यमापक, एक छोटं सौर पॅनेल आणि बंद पेटी. स्वयंचलित हवामान केंद्र. राज्याच्या महावेध प्रकल्पात अशी दोन हजारांवर केंद्रं उभी झाली, साधारण मंडळाला एक. मंडळात पंधरा-वीस गावं. नदीकाठच्या मळ्यातली पहाट आणि गावाजवळच्या खांबाची पहाट यांत दीड-दोन अंशांचा फरक सहज पडतो, आणि विम्यात दीड अंशावर घर चालतं किंवा बसतं. केंद्राने जुलै 2023 मध्ये विंड्स नावाची व्यवस्था जाहीर केली. तालुक्याच्या पातळीवर आणखी केंद्रं आणि ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक. हे काम फोटो निघण्यासारखं नाही, त्याचं उद्घाटन मोठं होणार नाही. पण माझ्या मते खानदेशासाठी ते पाचशे मेगावॉटच्या सौर पार्कइतकं मोलाचं आहे. ते लवकर करा. केंद्राच्या भोवती गवत वाढू देऊ नका. रोजचं तापमान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा, म्हणजे तिसरी रात्र कुठे चुकली ते शेतकऱ्यालाही दिसेल.

केळीच्या विम्याचे अर्ज 31 ऑक्टोबरच्या आत भरायचे असतात. त्याआधी आपल्या खासदारांना लेखी प्रश्न पाठवतो आहे. हप्त्यातल्या केंद्राच्या वाट्याला 30 टक्क्यांची मर्यादा घालताना कोणत्या वर्षांचं तापमान, कोणत्या वर्षांची वादळं हिशेबात धरली होती, आणि ती मर्यादा काढण्याचा प्रश्न ते संसदेत कधी विचारणार? धरणगाव, चोपडा, एरंडोल, पारोळा, जिथून कुणाला सही करायची असेल त्यांनी करावी. उत्तर आलं की याच जागी पूर्ण छापेन.